जामिनकी कोणाची घ्यावी? जळगाव-धुळ्याच्या ग्रंथपालांना खुले पत्र

प्रति,
जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल यांसी,

मागच्या उन्हाळ्यात पहूरच्या बसस्टँडवर एक तरुण भेटला. पाठीवर सॅक, गळ्यात कॅमेरा. अजिंठा लेणी पाहून आला होता आणि आता त्याला संध्याकाळच्या पीजेनं पाचोऱ्याला जायचं होतं. "स्टेशन कोणत्या बाजूला?" त्यानं विचारलं आणि रसवंतीवर बसलेले आम्ही चार-पाच जण एकमेकांकडे पाहू लागलो. पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेज, २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत थांबली, ती थांबलीच. त्याच्या फोनवर मात्र ती धावत होती. स्टेशनचं नाव, गाड्यांच्या वेळा, 'चोवीस तास सुरू' अशी हिरवी पट्टी आणि वर साडेचार चांदण्या. हे रेल्वेचं संकेतस्थळ नव्हतं. गावोगावची दुकानं, दवाखाने, शाळा, स्टेशनं एका पानावर रचून ठेवणारी ती एक वेब डिरेक्टरी होती. एक म्हातारबाबा म्हणाले, "चांदण्या कोणी दिल्या रे, डब्यातल्या शेळ्यांनी?" पोरगं हसलं, एसटीनं गेलं.

मी त्या दिवसापासून हे पत्र लिहायचं म्हणतोय.

माझा धंदा सांगतो. पहूर पेठेत एका कृषी केंद्राच्या वर माझी खोली आहे. दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर. जूनमध्ये बियाण्याच्या पिशव्या जिन्यापर्यंत येतात तेव्हा गिऱ्हाइकाला तिरकं होऊन वर यावं लागतं. दुकानदारांच्या, लॉजवाल्यांच्या, एखाद्या संस्थेच्या वेबसाइटी मी करून देतो. मित्र म्हणाला, असलं पत्र गूगलला लिही. पण गूगलच्या दारात असं ओरडणारे लाखभर उभे असतील, आणि चूक मुळात तिथली नाहीच. गूगल जे वाचतं ते कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं. यादी करणं, यादीत कोणाला घ्यायचं ते ठरवणं, घेतलेलं दर वर्षी ताडून पाहणं, फाटलेलं बाद करणं, ही कामं तुमची आहेत. दाखलनोंद वही तुमच्याकडे आहे, दशांश वर्गीकरण तुम्हाला येतं, साठा पडताळणी तुम्ही करता. वेबच्या बाबतीत हे काम तुमच्या हातून निसटलं आणि लिंका विकणाऱ्यांच्या हाती गेलं. म्हणून पत्र तुम्हाला.

लिंका विकणं म्हणजे काय ते अजिंठा रस्त्यावरच्या एका लॉजच्या गोष्टीवरून सांगतो. मालकांना सगळे भाऊ म्हणतात, मीही तेवढंच म्हणतो. भाऊंना एक फोन आला. गोड आवाजाची मुलगी हिंदीत म्हणाली, तुमची साइट पाचशे डिरेक्टऱ्यांत टाकून देते, सगळ्या 'डू-फॉलो', सगळ्या 'हाय डीए', साडेतीन हजार रुपये. भाऊंना त्यातला एक शब्द कळला नाही; पण पाचशे हा आकडा कळला. पैसे गेले. महिनाभरानं एक एक्सेल फाइल आली आणि ती घेऊन भाऊ जिना चढून माझ्याकडे आले. "बघ बरं, माल खरा आहे का."

रात्री जेवण झाल्यावर बसलो आणि एकेक ओळ उघडत गेलो. पहिली साइट उघडलीच नाही. दुसरीवर 'हे नाव विकणे आहे' अशी पाटी. तिसरीत लॉज सापडला, पण 'आरोग्य आणि सौंदर्य' या खणात, एका केस वाढवणाऱ्या तेलाच्या खाली. चौथीनं पहूर यवतमाळ जिल्ह्यात नेलं होतं. तिथेही एक पहूर आहे हे खरं, पण तिथून अजिंठा पाहायला निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी पोचेल. आणखी एकीला आमचं जळगाव आणि बुलढाण्यातलं जळगाव जामोद एकच वाटलं होतं. पन्नासेक पानं उघडल्यावर ध्यानात आलं की रंग तेच, खणांची नावं त्याच क्रमानं तीच, तळाची ओळही तीच. दुकानं पाचशे, पण पाटी रंगवणारा पेंटर एक. आणि सगळीकडे लॉजच्या नावाऐवजी एकच वाक्य चिकटवलेलं: अजिंठ्याजवळचं सगळ्यात स्वस्त उत्तम हॉटेल. लॉजचं नाव कुठेच नाही! ज्याच्यासाठी खटाटोप त्याचंच नाव गाळून केलेली ही खोगीरभरती.

'डीए' काय ते भाऊंना समजावताना मलाच हसू आलं. एका खासगी कंपनीनं साइटींना एकपासून शंभरपर्यंत गुण द्यायची आपली एक पद्धत बसवली आहे, ते हे डोमेन अथॉरिटी. गूगल हा आकडा वापरत नाही. पण बाजारात भाव त्यावरच ठरतो. म्हणजे कापसाची प्रत बघायची सोडून गाडीच्या नंबरप्लेटीवर भाव काढावा तसं.

भाऊंची साइट वर सरकली नाही. खाली गेली का, तेही सांगता येत नाही. आधीच ती गूगलच्या चौथ्या पानावर होती. त्या पाचशे ठिकाणांहून एक गिऱ्हाईक आलं नाही. फोन मात्र आले. कर्ज देणाऱ्यांचे, टाइल्सवाल्यांचे आणि सगळ्यात जास्त आणखी डिरेक्टऱ्या विकणाऱ्यांचे. कारण भाऊंचा नंबर आता पाचशे भिंतींवर लिहिला गेला होता. मी नोंदी काढून टाका म्हणून मेल पाठवत सुटलो. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी दिलं: नोंद काढण्याचे एवढे एवढे डॉलर. नाव घालायला फुकट आणि काढायला पैसे, असा व्यवहार मी तरी दुसऱ्या कुठल्या बाजारात पाहिला नाही.

आता ही जत्रा भरली कशी, ते थोडक्यात. थोडक्यातच, कारण तुमच्यापैकी निम्म्यांनी यातलं अर्धं वापरलेलं असेल.

१९९४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यँग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या साइटींची विषयवार यादी केली. तिचंच पुढे याहू झालं. तेव्हा शोधयंत्रं कच्ची होती. माणसानं पाहून, वाचून, खणात लावलेली यादी हाच वेबवर वाट काढायचा धड उपाय होता. १९९८ मध्ये दुसरा प्रयोग सुरू झाला. यादी स्वयंसेवकांनी करायची, ज्याला जो विषय येतो त्यानं तो खण सांभाळायचा, पैसे कोणी कोणाचे घ्यायचे नाहीत. हा ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट, लोक त्याला डीमॉझ म्हणत. मराठीचाही खण तिथे होता. गूगलनं आपली स्वतःची डिरेक्टरी म्हणून डीमॉझचीच नोंदवही उचलून २०११ पर्यंत चालवली.

त्याच १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली. एक पान दुसऱ्याला लिंक देतं तेव्हा ते त्याला मत देतं; आणि मत देणारा जितका वजनदार तितकं मताला वजन. आपल्याकडे समजायला सोपं आहे. सोसायटीत कर्ज मागायला गेलं की पहिला प्रश्न असतो, जामीन कोण? कर्जदाराला कोणी ओळखत नसलं तरी जामीनदाराच्या नावावर काम होतं. लिंक म्हणजे जामिनकी. आणि डिरेक्टरी म्हणजे हजारो लोकांना जामीन राहणारा माणूस. तो जर विचारपूस करून सही करत असेल तर त्याच्या सहीला किंमत येणार. आणि किंमत आली की ती विकत मागणारे दारात उभे राहणार. बाकी सगळा इतिहास या एका ओळीतून निघतो.

याहूनं पैसे घेतले. धंदेवाईक साइटींकडून वर्षाला २९९ डॉलर. पण ते तपासून पाहण्याचे होते. पाहून नाकारलं तरी पैसे परत नाहीत. हा फरक बारीक आहे आणि पुढच्यांनी तो नेमका पुसला. त्यांनी पैसे घ्यायचे ठेवले आणि पाहायचं सोडलं. गल्लोगल्ली डिरेक्टऱ्या निघाल्या. डीमॉझची यादी कोणीही उतरवून घ्यावी अशी मोकळी होती, तिच्या नकला करून त्यावर जाहिराती चिकटवल्या गेल्या. २००५ च्या जानेवारीत शोधयंत्रवाल्यांनी 'नो-फॉलो' ही खूण आणली: ही लिंक देतोय, पण मी जामीन नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलनं पेंग्विन नावाची चाळणी लावली आणि विकतच्या मतांवर निवडून आलेल्या कितीतरी साइटी रातोरात खाली गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात, माझ्याकडे बोट दाखवणाऱ्या या या लिंका माझ्या मानू नका, असं लेखी कळवायची सोयही दिली. भाऊंसाठी मी शेवटी तेच केलं. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ १७ मार्च २०१७ ला. डीमॉझच्या काही संपादकांनी मोट बांधून तोच संसार कर्ली या नावानं पुढे चालवला आहे.

चांगल्या डिरेक्टऱ्या गेल्या आणि नकली राहिल्या, हे पाहून वाईट वाटतं. पण डीमॉझची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. तिथे अर्ज केला की वर्ष-वर्ष उत्तर येत नसे. एखाद्या खणाचा संपादक स्वतःच त्या धंद्यात असला तर प्रतिस्पर्ध्याचं नाव आत येणं कठीण, अशी ओरड कायम असे. फुकट काम करणारा माणूस प्रामाणिकच असतो असं नाही, हे वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांवर काम केलेल्यांना मी काय सांगावं.

मग चांगली कोणती आणि फुसकी कोणती, हे ओळखायचं कसं? लोकांनी यावर लांबलचक तक्ते केलेत. मी आधी एकच करतो: मला जे पक्कं ठाऊक आहे ते तिथे शोधतो. आमचं गाव वाघूरच्या काठी, पहूर पेठ आणि पहूर कसबे असं दुहेरी. जळगाव-संभाजीनगर रस्त्यावर, तालुका जामनेर. एवढं जिला जमलं नाही तिच्याकडे बाकीचं कशाला पाहा? पीजे चालू दाखवते का? विद्यापीठाचं नाव २०१८ मध्ये बदलून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, तिथे ते नुसतंच उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे का? तुम्ही चोपड्याचे असाल तर चोपड्याचं शोधा, शिरपूरचे असाल तर शिरपूरचं. आपल्या गावाबद्दल जी खोटं बोलते ती परक्या गावाबद्दल खरं बोलत असेल, हे मानायला मी तयार नाही.

दुसरं, तिनं कोणाला नाकारलं? यादीची प्रत आत कोण आहे यावरून जेवढी कळते त्याहून जास्त बाहेर कोण राहिलं यावरून कळते. पण बाहेर राहिलेले दिसणार कसे? त्यासाठी मी एकदा पोरखेळ केला, कबूल करतो. 'वाघूर स्कूबा डायव्हिंग अकॅडमी, पहूर' अशी एक संस्था मनानं काढली आणि डझनभर डिरेक्टऱ्यांत अर्ज टाकले. ज्यांना आमची नदी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मे महिन्यात तिच्या पात्रात गुडघाभर पाणी मिळालं तरी म्हैस नशीबवान म्हणायची. बहुतेक ठिकाणी नोंद चहा संपायच्या आत लागली. एका ठिकाणी 'विश्वासार्ह संस्था' असा शिक्काही मिळाला, तो वर्षाच्या वर्गणीवर कायम करता येणार होता. फक्त एका डिरेक्टरीतून माणसाच्या हातचं उत्तर आलं. तुमच्या संस्थेची वेबसाइट दिसत नाही, पत्ता अपुरा आहे, आणि नकाशावर तिथे तलाव आढळत नाही. नोंद घेता येत नाही, क्षमस्व. त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले. बाकीच्या नोंदी काढायला मला काही महिने लागले. दोन ठिकाणी अकॅडमी अजून आहे, आणि एका ठिकाणी तिला तीन अभिप्रायही आलेत. तिन्ही उत्तम.

हे सोडून बाकीच्या गोष्टी खिडकीत उभं राहूनही दिसतात. संपादकाचं नाव, पत्ता आहे का, की नुसतं 'आमच्याविषयी' नावाचं एक गुळगुळीत पान आहे? नोंदीचं वर्णन कोणी लिहिलं? मालकानं पाठवलेली जाहिरात जशीच्या तशी चिकटवली असेल तर ती यादी नाही, भिंत आहे. नोंदीत दुकानाचं खरं नाव आहे, की भाऊंसारखं 'स्वस्त उत्तम हॉटेल'? खण किती आणि त्यांत माल किती? तीनशे खण आणि निम्मे रिकामे, म्हणजे आराखडा कुठूनतरी उचललेला. याच्या उलट प्रकार हल्ली वाढलाय. गावांची यादी आणि धंद्यांची यादी यांचा गुणाकार करून यंत्रच पानं पाडतं. 'पहूरमधले दहा सर्वोत्तम पॅकर्स अँड मूव्हर्स' हे पान मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे घर बदलायचं तर चुलतभावाचा ट्रॅक्टर येतो. त्या पानावर जो नंबर होता तो कोणत्याच दुकानाचा नव्हता. तो डिरेक्टरीचा होता, आणि फोन करणाऱ्याचा नंबर पुढे चार जणांना विकला जाणार होता.

लिंक तपासायची तर तिच्यावर माऊस नेऊन खाली डाव्या कोपऱ्यात पाहा, ती थेट साइटकडे जाते की डिरेक्टरीच्याच कुठल्या आडवाटेनं फिरून? आडवाट कधी कधी नुसत्या मोजदादीसाठीही असते, लगेच चोर म्हणू नये. पानाचा उगमसंकेत (सोर्स कोड) उघडला की लिंकेशेजारी 'नोफॉलो' किंवा २०१९ नंतर आलेलं 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलेलं सापडतं. इथे लोकांची गंमत होते. माझं गिऱ्हाईक म्हणतं, नोफॉलो म्हणजे फुकट गेली, डू-फॉलो, म्हणजे ती खूण नसलेली, पाहिजे. मी उलट म्हणतो. पैसे घेऊन दिलेल्या लिंकेवर जो प्रामाणिकपणे 'स्पॉन्सर्ड' लिहितो तो निदान खरं बोलतोय. ज्याच्या दरपत्रकात साधी लिंक फुकट आणि डू-फॉलो सातशे रुपये असं छापलंय, तो सहीच विकतोय, आणि हे तो स्वतःच सांगतोय. आणखी पुरावा कशाला?

'आधी तुमच्या साइटवर आमची लिंक लावा, मग आम्ही तुमची लावू' ही अट दिसली की बहुतेक जण पळा म्हणतात. मी थोडा थांबतो. मराठी ब्लॉग नवे होते त्या काळात 'मराठी ब्लॉगविश्व'चं छोटं चित्र कितीतरी जण आपल्या पानाच्या कडेला हौसेनं लावत. कोणी कोणाला भुलवत नव्हतं. एवढे थोडे आपण, एकमेकांना ओळख दाखवू, एवढाच भाव होता. वानवळा देणं आणि लाच देणं यात वस्तू तीच असू शकते. अट घातली आणि मोजून घेतलं की वानवळ्याची लाच होते.

राहिली नकल. इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव धुळ्याच्या ग्रंथपालांपुढे काढायचं म्हणजे धाडसच. त्यांची दप्तरं जपणारं राजवाडे संशोधन मंडळ तुमच्याच गावात आहे. पण 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढताना त्यांनी बखरींची जी झाडाझडती घेतली ती मला हे काम करताना सारखी आठवते. बखर वाचायला गोड, पण एकीवरून दुसरी उतरवलेली, आणि चूकही तीच उतरत गेलेली. दहा बखरी एकच सांगतात म्हणून ते दहापट खरं होत नाही, मूळ कागद पाहिला पाहिजे. डिरेक्टऱ्यांचं अगदी तसंच आहे. पहूरच्या एका दवाखान्याचा नंबर मी नऊ ठिकाणी एकसारखा पाहिला. नऊही ठिकाणी शेवटचे दोन आकडे उलटे. डॉक्टरांच्या दारावरच्या पाटीवर बरोबर होते. मूळ कागद म्हणजे ती पाटी.

आणि शेवटची कसोटी, जी मला सगळ्यात मोठी वाटते: बाद कोण करतं? जवळच्या एका गावातल्या शाळेची गोष्ट. शाळेनं हौसेनं वेबसाइट केली होती. पुढे नूतनीकरणाचे पैसे कोणी भरायचे यावर दोन वर्षं गेली आणि नाव सुटलं. तिथले एक सर माझ्याकडे आले होते. मी एका डिरेक्टरीच्या 'शिक्षण' खणात जाऊन त्यांच्यासमोर शाळेच्या नावावर टिचकी मारली, आणि पडद्यावर पत्ते, नोटा आणि 'पहिल्या डावाला बोनस' असं लाल अक्षरात नाचू लागलं. सुटलेलं नाव जुगारवाल्यांनी विकत घेतलं होतं. कारण उघड आहे. त्या नावाकडे अजून दहा-बारा जुने जामीनदार बोट दाखवत होते आणि शाळेची पत त्यांना आयती मिळाली. गूगलनं २०२४ च्या मार्चमध्ये अशा सुटलेल्या नावांच्या गैरवापराला नियमांत नाव घेऊन मनाई केली. पण सर माझ्याकडे न बघता खिडकीतून खाली बघत होते. "शाळेच्या दाखल्यावर हाच पत्ता छापलाय," म्हणाले.

त्या डिरेक्टरीनं पैसे खाल्ले नव्हते. खोटं लिहिलं नव्हतं. नोंद घेतली त्या दिवशी ती शंभर टक्के खरी होती. फक्त नंतर कोणी बघितलं नाही. तुमच्याकडे पुस्तक कसरीनं खाल्लं तर ते वाचकाच्या हातात भुगा होऊन पडतं. इथे कपाटातलं पुस्तक तसंच दिसतं, मुखपृष्ठावर नावही तेच, आत मात्र कोणी दुसराच मजकूर शिवून ठेवलेला असतो.

म्हणून मागणं असं. आपल्या दोन जिल्ह्यांची एक वेब-सूची तुम्ही करा. मोठी नको. जळगावचं वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय १८७७ पासून उभं आहे. तालुक्या-तालुक्यांत तुमची जुनी वाचनालयं आहेत. गावातली कोणती संस्था खरी आणि कोणती नुसती लेटरहेडवर, हे तुम्हाला चौकशी न करता ठाऊक असतं. ही ओळख कोणत्याही यंत्राकडे नाही. सरकारी कार्यालयांची यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आहेच, ती परत करू नका. पण अजिंठा रस्त्यावर राहायची सोय कुठे, बाजार समितीचे भाव कुठे दिसतात, पाटणादेवीला जायचं कसं, अहिराणीतलं लेखन आणि गाणी कोण जपून ठेवतंय, हे एका जागी कोणीतरी डोळ्यांनी पाहून लावलेलं कुठेच नाही. अहिराणीला 'मराठीच्या बोली'त ठेवायचं की स्वतंत्र खण द्यायचा यावर धुळ्यात आणि जळगावात भांडण होईल, आमच्याकडचे तावडी बोलीवाले तिसरीकडून बोलतील. होऊ दे. ज्या सूचीच्या खणांवरून कोणी भांडत नाही ती कोणी वाचतही नाही.

मला माहीत आहे, तुम्ही काय म्हणाल. 'ड' वर्गाच्या वाचनालयाचं अनुदान, ते येण्याची वेळ आणि ग्रंथपालाला त्यातून हाती पडणारी रक्कम यांवर मी बोलायची गरज नाही. वर्तमानपत्रांची बिलं तुंबलेली असताना हा पहूरवाला नवं काम घेऊन आला. बरोबर आहे. म्हणूनच मी लहान म्हणतोय. शं. ग. दात्यांनी १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, तेवढं कोणी मागत नाही. एका वाचनालयानं पन्नास नोंदी घ्याव्यात आणि वर्षातून दोनदा, साठा पडताळणीसारख्या, एकेक उघडून पाहाव्यात. नोंदीचे पैसे घेऊ नका. नोंदीचेच नाही, तपासण्याचेही नाही. लॉजवाल्यानं दिवाळीअंकाला जाहिरात दिली तर तिची पावती वेगळ्या वहीत फाडा आणि सूचीत त्याच्या नावापुढे चांदणी काढू नका. नाकारलं तर एका ओळीत कारण कळवा. नोंदीखाली तपासणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख टाका. तारीख जुनी झाली की ती आपोआप फिकी दिसावी, एवढं तंत्र मी फुकट करून देतो; ते एका रविवारचं काम आहे.

यात भाऊंचा फायदा किती, असं त्यांनीच परवा विचारलं. तुमच्या सूचीतली एक लिंक त्या पाचशेंपेक्षा जास्त वजनाची ठरेल का? मी म्हटलं, ते गूगलला विचारा, मी सांगणार नाही. पण लेणी पाहून थकलेला माणूस ती उघडेल तेव्हा त्याला लॉजचं खरं नाव, चालू नंबर आणि 'पावसाळ्यात गरम पाणी सकाळीच' ही ओळ दिसेल. भाऊ म्हणाले, "ती गरम पाण्याची ओळ काढता येईल का?" मी म्हटलं, पैसे दिले तरी नाही.

सुरुवात म्हणून मी माझी वही आणतो. दोनशे पानी, लाल कापडी पाठीची, उभ्या रेघा मीच मारल्यात. नाव, पत्ता, कोणी पाहिलं, कधी पाहिलं, शेरा. आजवर चौसष्ट नोंदी झाल्या, त्यांतल्या तेवीसांवर तांबडी रेघ आहे. शाळेच्या नोंदीवर रेघ मारून बाजूला नवा पत्ता लिहिलाय, तो सरांनी स्वतः आणून दिला. पहूर स्टेशनच्या नोंदीवर मात्र रेघ मारली नाही. शेऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय: मार्च २०२० पासून गाडी बंद, रुंदीकरण झाल्यावर परत पाहणे.

आपला,
पहूर पेठेतला एक वाचक